न निघणारे नळ

३ फेब्रुवारी, सोमवार

हात: खांद्याच्या रेषेपर्यंत. त्यापुढे नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. रोज हात किती वर गेला ते लिहायचं, शिवाय दिवसभरात काय केलं तेही लिहायचं. मी म्हटलं, बाई, भिंतीवर पेन्सिलीने पाइपांची मापं टिपण्यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, मग मापंच लिहा.

तर मापं अशी. वय चौसष्ट. नळकामाची वर्षं चाळीस. पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडलो त्याला अकरा आठवडे. उजव्या खांद्यात एक पट्टी आणि सात स्क्रू. ते कोणी पिळले आणि किती पिळले, मला दाखवलं नाही. दुसऱ्याच्या कामावर असा डोळे मिटून विश्वास मी पहिल्यांदाच ठेवला आहे.

पडायच्या आधी एक काम घेऊन ठेवलं होतं. शिक्षकांची इमारत, चार मजले, सोळा स्वयंपाकघरं. जुने पितळी नळ काढून नवे, लांब मानेचे बसवायचे. मी पडलो आणि ते राहिलं. काल तिथले गणिताचे सर, इमारतीचा कारभार तेच बघतात, त्यांचा फोन आला: करताय की दुसरीकडे देऊ?

मी काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाली, "मी करते."

सूनबाई नऊ वर्षं एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवत होती. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे, ही माणसांचे दात घडवायची. गेल्या वर्षी ती प्रयोगशाळा बंद पडली. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने येत नाही. घरात बसून कंटाळा येत असेल म्हणून हिने सहा महिन्यांचा नळकामाचा वर्ग केला. मी हसलो होतो. वर्गात बसून कोणी पोहायला शिकतं का?

मी साफ नाही म्हटलं. तेव्हा आमची सौ. म्हणाली, "अहो, मग तुम्ही बरोबर जा. नुसतं स्टूल टाकून बसा. तुमच्याशिवाय तिला काय कळणार?"

हे मात्र खरं आहे. म्हणून जातोय. सौ.ला एवढी समज आहे हे मला माहीत नव्हतं. आज डॉक्टरीणबाईंना सोडायला ती फाटकापर्यंत गेली आणि तिथे दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. बायकांच्या गप्पांना विषय लागत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हात: कालच्याइतकाच.

पहिलं स्वयंपाकघर गणिताच्या सरांचंच, तळमजल्यावर. सूनबाईने ओट्याखालचे डबे बाहेर काढले, पाठीवर झोपून डोकं आत घातलं, बॅटरी लावली. मीही वाकून बघितलं आणि ऊर भरून आला. पाइपाच्या टोकाशी जोड गळू नये म्हणून गुंडाळलेला ताग आणि सफेदा, अगदी माझ्या हाताचा. तागाचं टोक मी नेहमी डावीकडे मुडपतो.

"सर," मी म्हटलं, "हे नळ मी बसवलेत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी. सगळे सोळा. एखादा कधी गळला का?"

"एकही नाही," सर म्हणाले.

"ऐकलंस का ग?" मी ओट्याखाली विचारलं.

"ऐकलं, बाबा," आतून आवाज आला. "तो हलतच नाहीये."

त्यानंतर अडीच तास तो हलला नाही.

डॉक्टरीणबाई वाचणार असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. नळ ओट्यावर उभा असतो. ओट्याखालून एक पितळी चेकनट त्याला आवळून धरतो. नळापासून पाइप खाली येतो आणि भिंतीत पुरलेल्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, एका आखूड आटेवाल्या तुकड्याने जोडलेला असतो. त्या तुकड्याला निपल म्हणतात. म्हणजे दोन जागा सोडवायच्या, वरचा नट आणि खालची निपल. आमच्या पाण्यातल्या क्षारांनी दोन्हींवर दगडासारखं कवच चढवलेलं. आणि कवचाच्या आत माझं घट्ट पिळलेलं काम.

सूनबाईने विचारलं, "बाबा, पाइप सोबत फिरू नये म्हणून दुसरा पाना कुठे धरू?" मी समजावून सांगितलं: एक पाना फिरवायचा, दुसऱ्याने उलट बाजूला धरून ठेवायचं. तिने मान हलवली. हे मुळाक्षर आहे या कामाचं. वर्गात तेही शिकवलेलं दिसत नाही.

दिवसभरात एक नळ. सोळातला एक. सरांनी दुपारी घड्याळ बघितलं. इमारतीचं पाणी दहा ते तीन बंद ठेवावं लागतं, मेन कॉक एकच आहे.

घरी येताना सूनबाई म्हणाली, "बाबा, एवढं घट्ट कशाला बसवायचे?"

मी म्हटलं, "निघू नये म्हणून."

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहिलं नाही. काल माझं डोकं फिरलं होतं.

झालं असं. दुसऱ्या घरात सूनबाईने आधी तारेच्या ब्रशने नट घासला, मग हेअर ड्रायरने गरम केला. हेअर ड्रायर! मी म्हटलं, नटाचे केस वाळवतेस का? शेजारच्या बाई हसल्या. सूनबाईपण हसली. मग तिने पाना लावला आणि भलत्याच बाजूला फिरवायला लागली. घट्ट करायच्या बाजूला!

मी ओरडलो, "अगं उलटं! उलटं फिरवतेस!" बाहेरच्या खोलीतून माणसं डोकावली.

तिने नट केसभर घट्ट केला. आतून कट्ट असा आवाज आला. मग सैल करायच्या बाजूला फिरवला आणि तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला.

"आधी जरा घट्ट केला की जुनं कवच तुटतं," ती म्हणाली. "मग सोडतो तो."

चाळीस वर्षं मी नट एकाच बाजूला फिरवून काढत आलो. निघत नसे तेव्हा शिव्या देत असे. शिव्यांनीही निघायचे, हे सांगून ठेवतो.

हात: मोजला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरं घर. निपल भिंतीत तुटली. जुनी होती. आतून गंजलेली होती. कोणाच्याही हातून तुटली असती.

आज एवढंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल खोटं लिहिलं. वही माझी, वाचून जाब विचारणारं कोणी नाही, आणि तरी खोटं लिहिलं. म्हणजे बघा.

निपल माझ्यामुळे तुटली.

तिसरं घर चित्रकलेच्या बाईंचं. एकट्या असतात, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांच्या ओट्यामागची भिंत बघितली आणि मी क्षणभर काम विसरलो. प्रत्येक फरशी वेगळी रंगवलेली. एकीवर बदक, एकीवर तीन पायांची गाय, एकीवर नुसता हाताचा पंजा. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक वर्गाने बाईंना एक फरशी रंगवून दिली आहे. बावीस वर्षांच्या बावीस फरश्या. तीन पायांच्या गायीबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, "चौथा पाय काढायच्या आत घंटा झाली. तो मुलगा आता जनावरांचा डॉक्टर आहे."

एल्बो त्या भिंतीतच पुरलेला. गायीच्या खाली.

सूनबाई व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं निपलवर गुंडाळत होती. म्हणाली, हे रात्रभर ठेवू, क्षार विरघळतील, उद्या सोडवू. मला ते सहन होईना. बारा वाजून गेले होते. सर दोनदा येऊन गेले होते. चार दिवसांत तीन नळ या हिशेबाने उन्हाळा उजाडेल, असं त्यांनी हसत हसत सांगितलं होतं आणि मला ते हसू बोचलं होतं.

मी म्हटलं, "फडकी कसली बांधतेस? पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढव. ताकद दुप्पट होते. लाव जोर."

ती म्हणाली, "बाबा, नको. ती पिळवटेल."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं कोणी काम केलंय? तू की मी?"

तिने पाइप चढवला. मी म्हणत होतो, आणखी, आणखी. आवाज आला तो मी आयुष्यात पाच-सहा वेळा ऐकला आहे. सुका, छोटा. निपलचा अर्धा भाग पान्यात आणि अर्धा भिंतीतल्या एल्बोत.

एवढं मात्र केलं. तिथल्या तिथे लाकडाची खुंटी तासून घेतली, फडकं गुंडाळलं आणि भोकात ठोकली, डाव्या हाताने. नाहीतर सोळा घरांना पाणी देता आलं नसतं. थेंब थेंब येत होतं, खाली बादली लावली.

सर आले. ओरडले नाहीत. गणिताचा माणूस. म्हणाले, "म्हणजे आता भिंत फोडायची. भिंत फोडायचीच तर माझ्याकडे यंत्रवाले आहेत, ते सगळ्याच भिंती फोडून एका आठवड्यात नवे पाइप टाकतील. उद्या दुपारपर्यंत बघतो."

चित्रकलेच्या बाई फक्त गायीकडे बघत होत्या.

जिन्यात सूनबाई थांबली. इतक्या वर्षांत माझ्यापुढे आवाज न चढवलेली मुलगी. कालही चढवला नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलता तेव्हा मी तुमच्या हातांनी काम करायला लागते. माझे हात तसे नाहीत. मला माझ्या हातांनी करू द्या."

मी म्हटलं, "मग मला कशाला आणतेस?"

ती पिशवी उचलून खाली उतरली.

हे झालं कालचं. आता आजचं, आणि आजचं मी नीट लिहिणार आहे, घाई न करता.

काल संध्याकाळी घरी आल्यावर सूनबाईने करवतीचं एक पातं घेतलं आणि प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा घरी आणलेल्या, कवळ्या घासायच्या जुन्या यंत्रावर ते घासून घासून अर्ध्या रुंदीचं केलं. दर मिनिटाला पाण्यात बुडवायची, पातं तापून मऊ पडू नये म्हणून. एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केली. मग कपाटातून तिचा जुना डबा काढला. त्यात लांब दांड्याचा तो छोटा गोल आरसा, दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तसला.

सकाळी चित्रकलेच्या बाईंच्या घरी खुंटी काढली. सूनबाई ओट्याखाली कुशीवर झोपली आणि म्हणाली, "बाबा, इथे या. बॅटरी आणि आरसा तुम्ही धरा. मला आतल्या आट्यांवर उजेड हवा. हलवू नका."

मी जमिनीवर आडवा झालो. चौसष्टाव्या वर्षी ओट्याखाली सासरा आणि सून, डबे आणि झुरळांच्या औषधाच्या मध्ये. पण जागाच अशी होती की उजेड फक्त उजव्या हाताने पडत होता.

तिने तुटलेल्या तुकड्याच्या पोकळीत ते बारीक पातं घातलं आणि आतून, लांबीच्या दिशेने, कापायला सुरुवात केली. युक्ती अशी की निपलची जाडी पूर्ण कापायची, पण एल्बोच्या आट्यांना पातं लागू द्यायचं नाही. लागलं तर एल्बो गेला आणि भिंत गेली. मध्ये केसाइतकं अंतर. मला ते आरशातही दिसत नव्हतं. तिला हातात कळत होतं. दहा वेळा पातं ओढायची, थांबायची, आरशात बघायची, बोट आत घालून चाचपायची.

"आता किती राहिलं?" मी एकदा विचारलं.

"बोलू नका, बाबा."

मी बोललो नाही. माझ्या आठवणीत एवढा वेळ मी कधीच गप्प राहिलेलो नाही.

एक चीर झाली. मग बोटभर अंतरावर दुसरी. मग बारीक छिन्नी लावून तिने दोन चिरांमधली पट्टी आत वाकवली. टुक टुक, हातोडी अशी की अंडं फुटणार नाही. पट्टी आत आली. उरलेल्या तुकड्याची पकड गेली. चिमट्याने धरून तिने तो अर्धा वेढा फिरवला आणि तो बाहेर आला. तिने तो माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता.

मी आरसा लावून एल्बो बघितला. आटे सगळे. एकावरही ओरखडा नाही.

"दाढ काढल्यासारखं," ती म्हणाली आणि हसायला लागली. ओट्याखालीच, धुळीत पडल्या पडल्या. मग मीही. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं दोघं रडतोय.

बारा वाजता सर आले. ओट्याखाली वाकून त्यांनी स्वतः बॅटरी लावून बघितलं. उठून चष्मा पुसला. "सोमवारी चौथं घर ना?" एवढंच म्हणाले.

सौ.ला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "बॅटरी किती वेळ धरलीत?"

"सव्वा तास असेल."

"कुठल्या हाताने?"

मी सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचा आणि सूनबाईचा दबका आवाज आला. काय एवढं हसण्यासारखं होतं कोणास ठाऊक.

हात: मोजायचा राहिला.

९ फेब्रुवारी, रविवार

काम बंद. सूनबाईची कामाची वही टेबलावर होती, चाळली. सुरेख आकृत्या. चेकनट, एल्बो, दोन पाने एकमेकांविरुद्ध कसे धरायचे ते बाणांनी दाखवलेलं. मी मंगळवारी सांगितलं तेच, शब्दाला शब्द. लक्ष देऊन ऐकते पोरगी. पानावर तारीख मात्र गेल्या ऑगस्टची होती. घाईत चुकली असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईने पद्धत बसवली आहे. आदल्या दिवशी दुपारी पुढच्या चार घरांतल्या नटांना आणि निपलांना व्हिनेगरची फडकी बांधायची, वरून प्लास्टिक गुंडाळायचं. दुसऱ्या दिवशी ब्रश, हेअर ड्रायर, केसभर घट्ट, मग सैल. काल तीन निघाले, आज चार. एकही तुटला नाही.

फडकी बांधायचं काम माझ्याकडे. बादली, चिंध्या आणि व्हिनेगरची बाटली घेऊन मी जिने चढतो. दोन दोऱ्या ओढून गाठ मारायची म्हणजे दोन्ही हात लागतात. दुखतं. पण नीट नाही बांधलं तर सकाळी तिचा वेळ जातो, म्हणून नीट बांधतो.

सगळ्या इमारतीला व्हिनेगरचा वास सुटला आहे. विज्ञानाच्या सरांनी मला जिन्यात गाठून त्यामागचं रसायन समजावलं. मी म्हटलं, सर, हे सगळं आमच्या सूनबाईला माहीत आहे. बोलून गेल्यावर लक्षात आलं की पहिल्यांदाच "मला माहीत आहे" म्हटलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गोष्ट मनाला लागली. वाईट नाही, पण लागली.

बारावं घर. सूनबाई नवा नळ बसवत होती. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, वरून कसलंतरी मलम लावलं, नट हाताने फिरवत नेला आणि मग पान्याने फक्त थोडा आवळला. मला वाटलं थकली.

म्हटलं, "अजून दोन वेढे दे की."

"गळत नाही ना, बाबा? मग पुरे. पुढच्या माणसाला काढता आला पाहिजे."

"कोण पुढचा माणूस?"

"मला काय माहीत? वीस वर्षांनी जो कोणी येईल तो. त्याची पाठ दुखत असेल बिचाऱ्याची."

मी स्टुलावर बसून राहिलो. चाळीस वर्षांत मी हजारो नळ बसवले. प्रत्येक नळ असा पिळला की माझ्यानंतर कोणाचा हात लागू नये. त्यालाच चांगलं काम समजत आलो. लोकही तेच म्हणायचे: मिस्त्रींनी बसवलं की निघत नाही. मी मान ताठ करून ऐकायचो. माझ्यानंतर कोणी येणार आहे, ओट्याखाली पाठीवर झोपणार आहे, त्याच्या डोळ्यांत गंज पडणार आहे, हे एकदाही मनात आलं नाही. आणि आली कोण, तर घरचीच.

घरी आल्यावर तिला म्हटलं, "सूनबाई, त्या सोळा नळांबद्दल..."

"बाबा, एकही गळला नाही अठ्ठावीस वर्षांत," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगते हे माझ्या सासऱ्यांचं काम आहे. शिव्या देत देत सांगते, पण सांगते."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चौथा मजला. शेवटची चार घरं.

चौदाव्या घरात जुना नळ काढून झाल्यावर सूनबाईने नवा माझ्या हातात दिला. "बाबा, हा तुम्ही बसवा. मी तोवर खाली सरांना विचारून येते, मेन कॉक किती वाजता उघडायचा."

विचारायचं होतं तर फोन करता आला असता. तिच्या लक्षात आलं नसेल. मी ओट्याखाली गेलो. अठ्ठ्याऐंशी दिवसांनी हातात पाना. खांद्यात कळ आली, थांबलो, परत लावला. टेप गुंडाळली. तिचं मलम लावलं. नट हाताने नेला, पान्याने आवळला, आणखी आवळावासा वाटला तेव्हा पुढचा माणूस आठवला आणि थांबलो. घाम पुसला. नळ सरळ उभा होता. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. त्या घरातल्या आजींनी चहा आणून ठेवलेला, तो गार झाला.

तीन वाजता सरांनी कॉक उघडला. सोळा घरांतली माणसं आपापल्या स्वयंपाकघरात उभी. नळांतून आधी हवा खोकत खोकत आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. जिन्यात वरपासून खालपर्यंत एकच आवाज: आलं, आलं!

मग आम्ही घराघरांत गेलो. सूनबाई प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवायची आणि सरांना दाखवायची. सर वहीत खूण करायचे. पहिलं कोरडं. दुसरं कोरडं. तिसऱ्यात चित्रकलेच्या बाई स्वतः ओट्याखाली वाकल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गायीला शिंतोडासुद्धा नाही." असं करत तेरा घरं कोरडी.

चौदाव्यात कागदावर एक डाग पडला. डाळीच्या दाण्याएवढा.

सर पुढे वाकले. "हा कोणी बसवला?"

सूनबाई म्हणाली, "आमच्याकडूनच राहिलं असेल थोडं, सर. बघते मी."

मी म्हटलं, "आमच्याकडून नाही. मी बसवलाय. माझ्याकडून सैल राहिला."

जन्मात पहिल्यांदा माझा नळ गळला. तोही सैल राहिला म्हणून! सूनबाईने पाना लावला, पाव वेढा दिला. कागद फिरवला. कोरडा. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ दाबून धरले. मीही धरले. सर एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते, त्यांना गणित सुटेना.

पंधरावं कोरडं, सोळावं कोरडं.

म्हणजे पंधरा तिचे आणि एक माझा, आणि गळला तो माझा. हे मी आज सौ.ला सांगितलं, तिच्या बहिणीला फोनवर सांगितलं आणि जहाजावर मुलाला निरोप पाठवून सांगितलं. मुलाने उलट विचारलं, "बाबा, तुमचा नळ गळला आणि तुम्ही एवढे खूश का?" त्याला पाण्यावर राहून पाण्यातलं काही कळत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई आल्या. हात डोक्याच्या वर गेला, मागेही गेला. त्यांनी आणि सौ.ने एकमेकींकडे बघून मान डोलावली. बाई म्हणाल्या, "औषध लागू पडलं म्हणायचं." मी म्हटलं, कुठलं औषध, गोळ्या तर दोन आठवड्यांपूर्वीच संपल्या. सौ.ला एकदम चहा टाकायची आठवण झाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी फोन वाजला. मीच उचलला. अनोळखी बाईंचा आवाज. शिक्षकांच्या इमारतीत त्यांची मावशी राहते. यांच्याकडेही ओट्याचा नळ जाम आहे, दोन जण बघून गेले आणि दोघंही भिंत फोडा म्हणतात.

"मिस्त्री आहेत का?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षं या प्रश्नाला माझ्या तोंडून एकच शब्द निघत आला आहे: बोलतोय. आजही तो जिभेवर आला होता.

"थांबा हं," मी म्हटलं, "बोलावतो."

फोन छातीशी धरला आणि आत वळून हाक मारली, "मिस्त्री! ओ मिस्त्री!"

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, स्वतःलाच काय हाका मारताय?"

सूनबाई मागच्या खोलीत पाने तेल लावून पुसत बसली होती. पहिल्या हाकेला ती उठली नाही, तिला वाटलं दाराशी कोणी आलंय. मी दुसऱ्यांदा हाक मारली. तेव्हा ती दारात आली, हाताला तेल, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"घे की," मी म्हटलं. "तुझा फोन आहे."